चाचीचा भाव

“लूट म्हनाची तं म्हन, पन भाव आधी आयक.”

गिऱ्हाइकाला तोंडावर असं सांगणारं दुकान मी आयुष्यात एकच पाहिलं. दुकान तरी कसं म्हणावं? अमरावतीहून परतवाड्याला जाताना वलगाव मागं पडलं की बऱ्याच अंतरानं एक फाटा लागायचा. तिथं एक कडुनिंब, एसटीचा थांबा, एक चहाची गाडी आणि टिनाची एक टपरी. टपरीच्या सावलीत लाकडी मांडणीवर सरबताच्या काचेच्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या असत. त्यांत पेट्रोल. आणि मांडणीमागं स्टुलावर चाची.

तिला नाव असणारच, पण फाट्यावर ते कुणी घेत नसे. हिंदू असो, मुसलमान असो, म्हातारा असो की शाळकरी पोट्टं, सगळ्यांची ती चाचीच. तिचा नवरा त्याच टपरीत सायकलींची पंक्चरं काढायचा. तो गेल्यावर मुलगा अकोल्याहून न्यायला आला. त्याचं तिथं गॅरेज होतं, घर होतं. चाची म्हणाली, “तुह्या घरी येऊन मी काय करू? सुनेच्या हाताखाली सून होऊन राहू?” मुलगा परत गेला. चाचीनं पंक्चरचं सामान एका कोपऱ्यात सारलं आणि पेट्रोलच्या बाटल्या मांडल्या. त्या टापूत वलगाव सोडलं तर जवळ पंप नव्हता.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. फाट्यावरून आत जाणाऱ्या रस्त्यानं पुढं एक गाव होतं, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर. राहायला वलगावात खोली घेतली होती आणि वडिलांनी जुनी लुना दिली होती. एक दिवस सकाळी ती फाट्याच्या अलीकडं खोकायला लागली आणि टपरीसमोर येऊन गप्प झाली. मी बाटली मागितली. चाचीनं बाटलीला हात लावला नाही. आधी भाव सांगितला. तो पंपापेक्षा चांगलाच चढा होता.

“वलगावच्या पंपावर तर कितीतरी कमी आहे,” मी म्हणाले.

“मंग वलगावले जाय ना बाई. ते काई पळून नाई गेलं.”

मला राग आला. लुनाला पायडल असतात. मी साडी खोचली, डबा हँडलला अडकवला आणि पायडल मारत शाळेत गेले. रस्त्यात माझ्याच वर्गातली पोरं मागून धावत होती आणि “मॅडम, धक्का मारू का?” असं विचारत होती. संध्याकाळी तशीच पायडल मारत परत आले तेव्हा पायांत गोळे आले होते. मुकाट्यानं बाटली मागितली. चाचीनं पुन्हा भाव सांगितला. सकाळचाच. मी भांडले म्हणून वाढवला नाही, दमून आले म्हणून उतरवला नाही. बाटली माझ्या टाकीत ओतून झाल्यावर तिनं माठातून पाण्याचा तांब्या भरून दिला. “हे घे. याचा भाव नाई लावत मी.”

तिथून आमची ओळख सुरू झाली. पण ओळखीनं भाव कधी बदलला नाही.

तिच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या. बाटली काचेचीच आणि बिनरंगाची. डब्यात किंवा काळ्या कॅनमध्ये पेट्रोल विकणाऱ्याला ती माणसात धरत नसे. नवीन गिऱ्हाईक आलं की वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेट्रोलचा एक थेंब टाकायची आणि तो उडून जाईपर्यंत त्याला थांबवायची. रॉकेलची भेसळ असली तर डाग राहतो. “कागद कोरा, तं माल खरा,” असं म्हणून तो कागद ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, जसा काही तो घरी नेऊन फ्रेम करणार आहे. टपरीत चूल नव्हती, दिवा नव्हता. चहा ती समोरच्या गाडीवर जाऊन प्यायची. एकदा एका जमादारानं मांडणीशी उभं राहून बिडी शिलगावली. चाचीनं अख्खा तांब्या त्याच्या अंगावर रिकामा केला. तो भिजलेला, संतापलेला, आणि चाची शांतपणे सांगतेय, “साहेब, वर्दी वाळन. मी जळली तं वाळनार नाई.”

पेट्रोल आणायला ती स्वतः जायची. नवऱ्याची जुनी एम-एटी दुचाकी होती. ओढणी हनुवटीखाली गाठ मारून बांधलेली, पायात नवऱ्याचेच काळे कॅनव्हासचे बूट, गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन, अशी साठीची बाई परतवाडा रोडवरून जायची. ट्रकवाले मागून हॉर्न मारायचे. ही डांबरावरून खाली उतरायची नाही. “कच्च्यात उतरली तं पेट्रोल हिसळते. त्याईले ब्रेक नाई काय?” तिच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यानं येऊन समजावलं, की बाईमाणसाला हे शोभत नाही, गाडीवर फिरणं, आग विकणं. चाचीनं त्याला स्टूल दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बराबर हाये. उद्यापासून तुमी वलगावहून आनून देत जा, मी घरी बसतो.” तो पुन्हा फिरकला नाही.

मी एकदा विचारलं होतं, “चाची, यात सुटतं किती?”

“पुरते अन् उरते.”

“उरतंसुद्धा?”

“उरत नसतं तं दुकान कायले लावलं असतं? सेवाच कराची असती तं मशिदीत झाडू मारला असता.”

मी मास्तराची मुलगी. आमच्या घरी नफा हा शब्द जरा आवाज उतरवूनच बोलला जायचा. चाची तो भर रस्त्यात, मोठ्यानं बोलायची.

ती वर्षं आमच्याकडं वाईट होती. कापसाला भाव नव्हता. लोक कापूस विकत नसत, घरातच भरून ठेवत. पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा ढीग, आणि अख्खं घर अंग खाजवत भावाची वाट बघतंय, असं मी कितीतरी घरी पाहिलं. वीज असायची-नसायची. अळी औषधाला दाद देत नव्हती, त्यामुळं फवारण्या वाढलेल्या. पाठीवर अडकवायचा फवारणीचा पंप पेट्रोलवर चालायचा, नाल्यातून पाणी ओढायचं इंजिन पेट्रोलवर सुरू व्हायचं. त्यामुळं पेट्रोलचा भाव वाढला की तो मोटारसायकलीपुरता वाढत नसे. तो वावरात जाऊन बसायचा.

आणि भाव वाढतच होते. आदल्या संध्याकाळी रेडिओवर बातमी यायची की मध्यरात्रीपासून नवे दर. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचीचाही नवा भाव.

अशाच एका सकाळी गजूनं तिला धरलं. गजू गावातला धडपड्या शेतकरी. लहानपणी त्याच्या सायकलीची पंक्चरं याच टपरीत निघाली होती, त्यामुळं तो तिला एकेरीत बोलायचा आणि ती त्याला. मी शाळेत जाताना थांबले होते. गजूनं बाटली हातात घेऊन उन्हाकडं धरली.

“चाची, ह्या बाटल्या तू परवा भरल्या. मी इथंच उभा होतो. मंग आज भाव कायचा वाढला? जुना माल हाये हा.”

“हाव, जुनाच हाये.”

“मंग ही लूट झाली.”

“तुह्या घरात कापूस हाये ना?”

“हाये. त्याचा इथं काय संबंध?”

“दिवाळीत वेचलेला. उद्या भाव चढला तं तू व्यापाऱ्याले काय सांगशीन? का बावा, हा दिवाळीचा हाये, दिवाळीच्या भावानं घेऊन जाय?”

चहाच्या गाडीवरची माणसं हसली. गजू हसला नाही. “कापूस मी पिकवला हाये. घाम गेला माहा. तू काय पिकवलं?”

“मी पिकवलं नाई. मी आनलं. वलगावहून इथंवर आनलं, अन् आगीसंगं झोपली त्याच्या उशाशी. तुह्या घामाचा भाव तू घे, माह्या जिवाचा मी घेतो.” मग जरा थांबून ती म्हणाली, “अन् ह्या बाटल्या रिकाम्या झाल्या का मले परत भराच्या हायेत. पंपवाला मले म्हनन काय, चाची, तुह्या बाटल्या जुन्या, तुले जुना भाव?”

गजूनं बाटली घेतली, नव्या भावानं घेतली, पण जाताना “लुटारू हाये बुढी” असं पुटपुटला. चाचीनं ऐकलं. “मोठ्यानं म्हन,” ती मागून म्हणाली, “बाकीच्याईले बी आयकू जाऊ दे.”

मला तेव्हा गजूचं पटलं होतं. अजूनही अर्धं पटतं. स्वस्तात भरलेली बाटली महाग विकली, यात काहीतरी टोचतंच. चाचीचा हिशेब चुकीचा नव्हता, पण ज्याच्या घरी ढीगभर कापूस पडून आहे आणि त्याला गिऱ्हाईक नाही, त्याला कापसाचं उदाहरण देणं कठोर होतं. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. “असन,” ती म्हणाली. “पन खोटं होतं काय?”

पुढं एकदा पेट्रोलचा भाव उतरला. क्वचित घडायचं, पण घडलं. त्या दिवशी चाचीनं सकाळीच भाव कमी केला. मांडणीवरच्या सगळ्या बाटल्या चढ्या भावात भरलेल्या होत्या. गजू आला, त्यानं गाडीची टाकी भरली, फवारणीचा डबा भरला, पैसे दिले, गेला. त्याच्यामागून आणखी बरेच आले. दुपारी मी परत येताना मांडणी मोकळी झाली होती आणि चाची रिकाम्या बाटल्या पुसत बसली होती.

“आज कोनीच नाई इचारलं,” ती म्हणाली, “का चाची, ह्या बाटल्या कधीच्या.”

त्यात तक्रार नव्हती. तिला ते बघायचंच होतं, आणि तिनं ते बघून घेतलं होतं.

मग टँकरवाल्यांचा संप झाला. ऐन फवारणीचे दिवस. वलगावचा पंप कोरडा पडला, परतवाड्याचे पंप कोरडे पडले. चाचीनं संपाची कुणकुण लागताच एम-एटीवर दोन फेऱ्या मारून कॅन भरून आणले होते. लोकांना वाटलं, आता बुढी सोन्याच्या भावानं विकणार. चाचीनं संपाच्या आदल्या दिवशीचाच भाव ठेवला. फक्त एक नियम केला. माणसामागं बाटली एक.

एक मोठी गाडी येऊन थांबली. आत लग्नाची माणसं, नटलेली, घामेजलेली. त्यातला एकजण उतरला आणि म्हणाला, “सगळ्या बाटल्या द्या. म्हणाल तो भाव.” त्यानं नोटा मांडणीवर ठेवल्या. चाचीनं त्या बोटानं परत सरकवल्या.

“माहा भाव एकच हाये. अन् बाटली बी एकच.”

“अहो, वरात खोळंबलीय.”

“मंग एका बाटलीत जितकी जाते तितकी जाऊ द्या.”

तो एक बाटली घेऊन गेला. हे सगळं गजूनं पाहिलं होतं. आता त्याची पाळी आली आणि त्यानं दोन मागितल्या. वावर मोठं, अळी पडलेली. चाची नाही म्हणाली.

“चाची, माह्या वावरात अळी हाये.”

“अन् बाकीच्याईच्या वावरात काय फुलपाखरं हायेत?”

गजू एक बाटली घेऊन तणतणत गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं तहसिलीत अर्ज दिला. फाट्यावर विनापरवाना पेट्रोल विकतात, चढ्या भावानं विकतात, संपाचा फायदा घेतात.

मी शाळेतून येत होते तेव्हा टपरीसमोर सरकारी जीप उभी होती. पुरवठा खात्याचे निरीक्षक, एक शिपाई, एक पोलीस. पंच म्हणून चहाच्या गाडीवाल्याला धरलं होतं. दुसरा पंच हवा होता, तेवढ्यात मी सापडले. सरकारी नोकर म्हणून मला थांबवलं. निरीक्षक वयानं तरुण होते, बोलायला सभ्य. त्यांनी पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला. विनापरवाना साठा, जादा दरानं विक्री, इंधन टंचाईचा गैरफायदा घेऊन.

“थांबा साहेब,” चाची म्हणाली. “परवाना नाई, खरं हाये. लिवा. जादा भाव घेतो, हे बी खरं हाये. लिवा. ते तिसरं खोडा.”

“ती कायद्याची भाषा असते, बाई.”

“भाषा कोनाची बी असो. टंचाईत मी भाव वाढवला नाई. जे केलं नाई त्याच्याखाली मी सही करत नाई.”

“जादा दर म्हणजेच गैरफायदा. एकच झालं.”

“एक कसं झालं? मी आनतो, राखतो, त्याचा भाव घेतो. तो तुमाले जास्त वाटत असन, त्याची सजा द्या. पन तुमची गाडी बंद पडली हे पाहून मी भाव चढवला, तं तो गैरफायदा. ते मी आजवर केलं नाई.”

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. “अर्जदार कोण आहे? आलाय का?”

गजू आला होता. कडुनिंबाआड उभा होता. त्याला पुढं यावं लागलं.

“संपात हिनं भाव वाढवला?”

गजू बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला. ‘हो’ म्हणाला असता तर चाची अडकली असती. “नाई,” तो म्हणाला.

“मग अर्जात तसं लिहिलंयस.”

“एकच बाटली देल्ली जी तिनं.”

चहाच्या गाडीवर हशा पिकला. मी निरीक्षकांना म्हणाले की ती ओळ असेल तर मीही सही करणार नाही. गाडीवालाही मान हलवू लागला. निरीक्षकांनी ओळीवर रेघ मारली, बाजूला आद्याक्षरं टाकली आणि कागद चाचीपुढं धरला. चाचीनं उर्दूत सही केली, उजवीकडून डावीकडं, सावकाश. साहेबांनी सहीला जागा उलट्या बाजूला ठेवली होती, त्यामुळं तिचं नाव शिक्क्यावर जाऊन चढलं.

मग खरी अडचण आली. जप्त केलेल्या बाटल्या न्यायच्या कशा? जीपचा ड्रायव्हर म्हणाला, या रस्त्यानं काचेच्या बाटल्यांतून पेट्रोल घेऊन मी गाडी चालवत नाही. पोलीस म्हणाला, चौकीत जागा नाही. गावात निरोप धाडला, सरपंचांनी घरात ठेवायला नकार दिला. शेवटी जप्त माल लेखी हमीवर चाचीच्याच ताब्यात द्यायचं ठरलं, सील करून. शिपायानं लाख काढली आणि काडीपेटी काढली. चाचीनं त्याच्या हातातून काडीपेटी हिसकावून रस्त्यापलीकडं फेकली. मग दोरा आणि चिकटवलेल्या चिठ्ठ्या यांवर सील भागवलं.

पुढं कितीतरी दिवस सरकारचं पेट्रोल चाचीनं सांभाळलं. बाटल्या टपरीच्या मागं, ओल्या पोत्याखाली. संप अजून चालू होता. गजू एकदा हळूच आला. “चाची, एक उघड ना. सील कोन पाहते?”

“मी पाहतो,” चाची म्हणाली.

झाकणातून पेट्रोल उडत होतं, बाटल्या हळूहळू खाली होत होत्या. चाची एसटीच्या कंडक्टरबरोबर तहसिलीत निरोप पाठवायची, तुमचा माल उडून चालला, लवकर या. कोणी आलं नाही. खटला उभा राहिला तेव्हा बाटल्यांच्या तळाशी थोडंच उरलं होतं आणि चिठ्ठ्या मात्र जशाच्या तशा होत्या. कोर्टात तिनं गुन्हा कबूल केला, दंड भरला. पुन्हा असं करशील का, असं विचारल्यावर म्हणाली, “दुसरं कोनी आनून देत असन तं नाई.” परवान्यासाठी अर्जही केला. तो नामंजूर झाला. बाटल्या पुन्हा मांडणीवर आल्या.

त्या एक दिवस कायमच्या गेल्या, पण कुणाच्या धाकानं नाही. फाट्यावर, अगदी टपरीच्या समोर, परतवाड्याच्या एका कापूस व्यापाऱ्यानं पेट्रोल पंप टाकला. ज्या दिवशी तो सुरू झाला त्याच दिवशी चाचीनं बाटल्या धुतल्या आणि भंगारवाल्याला दिल्या. मी म्हणाले, लोक अजून तुमच्याकडं येतील, सवय आहे. ती म्हणाली, “रस्त्याच्या पल्याड भेटते ते मी कायचं आनून देतो? आता मले भाव मांगाचा हक नाई.” ती अंडी विकायला लागली, सायकलच्या ट्यूबा विकायला लागली. एम-एटी टपरीमागं उभी राहिली.

पुढं गुडघे गेले तेव्हा मुलानं तिला अकोल्याला नेलंच. ती तिथं वारल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेले तेव्हा सून रडत होती. म्हणाली, रोज भांडायच्या माझ्याशी, आता घर ओसाड वाटतं. मी तिच्याजवळ बराच वेळ बसले. पण चाची म्हटलं की मला अकोल्याचं ते घर आठवत नाही. तिला मी शेवटचं फाट्यावर जसं पाहिलं तशीच ती आठवते, माझी अमरावतीला बदली व्हायच्या थोडंसं आधी.

दुपारपासून बातमी होती की रात्री भाव वाढणार. शाळा सुटल्यावर मी फाट्यावर आले तर पंपावर साखळी लावलेली आणि पाटी, ‘पेट्रोल संपले आहे’. मोटारसायकलींची गर्दी झाली होती. गजू फवारणीचा डबा घेऊन उभा होता. दोन दिवस वारा होता, आता पडला होता, पहाटे फवारणी करायची होती. मॅनेजर चांगल्या भाषेत सांगत होता, “टँकर उद्या येईल. माझ्या हातात काय आहे?”

चाची टपरीतून उठली. पायात तेच बूट. रस्ता ओलांडून ती साखळीपाशी आली.

“टँकर सकाळी आलता,” ती म्हणाली. “मी पाह्यला. खाली झाला तोवर इथं उभा होता.”

मॅनेजरचा चेहरा बदलला. “चाची, तुम्ही तर बोलूच नका. आयुष्यभर जादा भावानं विकलं तुम्ही. कोर्टात दंड भरलाय.”

“विकलं,” चाची म्हणाली. “लपवलं नाई.”

तिनं मॅनेजरची प्लास्टिकची खुर्ची ओढली, साखळीसमोर ठेवली आणि बसली. मॅनेजर म्हणाला, उठा. चाची म्हणाली, “सकाळी नवा भाव लागला का उठीन. तोवर येनाऱ्या-जानाऱ्याले सांगतो, टाकी भरली हाये म्हून.” आणि ती खरंच सांगायला लागली. परतवाड्याकडून आलेली जीप थांबली, तिला सांगितलं. एसटी थांबली, कंडक्टरला सांगितलं. कुणाला शिवी नाही, आवाज चढवणं नाही. टँकर सकाळी आला होता, एवढंच. गजू तिच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. मग आणखी काहीजण. मीही लुना स्टँडवर लावली आणि तिथं गेले.

मॅनेजर आत जाऊन मालकाशी फोनवर बोलला. बराच वेळ बोलला. आम्हाला फक्त त्याची मान हलताना दिसत होती. दिवस मावळायच्या आत त्यानं बाहेर येऊन साखळी काढली, पाटी उलटी करून भिंतीला टेकवली आणि पोराला मशीन सुरू करायला सांगितलं. पहिला डबा गजूचा भरला, जुन्या भावानं.

लोक रांग लावायला लागले. चाचीनं खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग उचललं, खुर्ची जिथून घेतली होती तिथं नेऊन ठेवली आणि मॅनेजरकडं वळली. मला वाटलं आता त्याला सुनावणार.

“उद्या नवा भाव घे,” ती म्हणाली. “पुरा घे. आजचाच माल असला तरी घे, तुह्या हकाचा हाये. कोनी लूट म्हनलं तं माह्याकडं पाठवजो, मी सांगतो त्याले.”

रांगेतून गजू म्हणाला, “चाची, तू नेमकी कोनाच्या बाजूनं हायेस?”

परतवाड्याकडून ट्रक येत होता. चाचीनं हात वर केला, ट्रक थांबेपर्यंत तसाच ठेवला आणि आपल्या चालीनं रस्ता ओलांडून गेली.